दिनकररावांचा खुनी

खरा लेखक वाचकाकडे बघून लिहीत नाही. तो आपल्या आतल्या आवाजाला कान देतो, आणि ज्या वाचकाला यायचं असेल तो आपणहून येतो. दिनकर तासकर हे वाक्य दिल्लीतल्या आमच्या मंडळाच्या प्रत्येक साहित्यसंध्येला म्हणत, आणि म्हणताना मागच्या रांगेतून कोण कोण उठून बटाटेवड्यांकडे निघालंय ते बघत.

दिनकरराव रहस्यकथा लिहीत. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून ते अवर सचिव म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांचा गुप्तहेरही अवर सचिवच होता. सुधन्वा पारखे नावाचा हा गृहस्थ पिस्तूल बाळगत नसे, कोणाचा पाठलाग करत नसे. तो फायली मागवून घेई आणि चहा प्यायला बसे. दरवर्षी मंडळाच्या दिवाळी अंकात पारख्यांची एक दीर्घकथा येई. अंक पटपडगंजपासून द्वारकेपर्यंत सगळ्या मराठी घरांत पोचे आणि बहुतेक घरांत टीपॉयवर मोठ्या रुबाबात पडून राही. दिल्लीत वाढलेल्या मुलांना मराठी बोलता येई, पण वाचायला दिलं की ‘यार, बहुत लंबा है’ असं उत्तर येई. त्यांचे आईबाप अंकात स्वतःचा फोटो आलाय का एवढं बघत. आजी-आजोबा श्रद्धांजली वाचत आणि मग चष्मा पुसत.

कथा वाचणारं माणूस एकच होतं. चंद्रप्रभाबाई रणपिसे.

चंद्रप्रभाबाईंची सगळी नोकरी डाक खात्याच्या तक्रार विभागात झाली. हरवलेलं पार्सल कुठे हरवलं, आणि हरवलं म्हणणारा माणूस खरं बोलतोय का, हे शोधण्यात त्यांचं तारुण्य गेलं. यजमान गेल्यावर त्या करोल बागेत एकट्याच राहत. खाली मोटारींची सीटकव्हरं विकणारी दुकानं, वर त्यांची गॅलरी आणि गॅलरीत पेन्सिल घेऊन वाचत बसलेल्या त्या. अंक पोचला की आठवड्याच्या आत दिनकररावांचा फोन वाजे.

“हॅलो, दिनकरराव? पान बेचाळीस. जावई.”

“कशावरून?”

“सगळे रडताहेत आणि हा सारखा पाणी आणायला जातो. एवढं पाणी कोण पितं हो?”

दर वर्षी हेच. माळी, मेव्हणा, बँकेतला बाबू, मेलेल्याचा योगशिक्षक, कोणीही त्यांच्या हातून सुटलं नाही. दिनकरराव फोन ठेवत आणि पुढचा तासभर घरात कोणाशी बोलत नसत.

“एवढं तोंड पाडायला काय झालं?” त्यांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणत. “मन लावून वाचते ती बाई. मी तर तुमचं शेवटचं पान आधी वाचून टाकते.”

“का?”

“मग पोळ्या लाटताना डोक्याला ताप नको.”

दिनकररावांची आयुष्याकडून एकच मागणी होती. चंद्रप्रभाबाईंचा फोन यावा आणि त्यांनी म्हणावं, नाही सापडला.

दोन दिवाळ्यांपूर्वी ते अंक द्यायला स्वतःच करोल बागेत गेले, तेव्हा तिथे चंद्रप्रभाबाईंचा मुलगा निखिल बसला होता. निखिल मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि गुरुग्रामला एका उंच इमारतीत राहत होता. मीटिंगमध्ये वाईट बातमी देणाऱ्या माणसासारखा त्याचा चेहरा शांत होता.

“काका, तुम्हीच सांगा हिला. परवा राजीव चौकवरून घरी यायला उलट्या दिशेची मेट्रो पकडली. सीधे नोएडा! तिथून मला फोन, की हे कुठलं स्टेशन नवीन काढलंय?”

“गर्दीने ढकललं मला,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “राजीव चौकला माणूस चढत नाही, चढवला जातो.”

“आणि गेल्या महिन्यात गॅसवर दूध?”

“दूध कोणाचं उतू जात नाही? तुझ्या बायकोचं, रुचिताचं जात नसेल. तुमच्याकडे ते पाकिटातून थेट कॉफीत जातं.”

“आई, मी मजाक नाही करत. डॉक्टर म्हणाले, या वयात लक्ष ठेवायला पाहिजे. तुझी खोली तयार आहे. लिफ्ट आहे, पार्क आहे...”

“बोलायला कोण आहे?”

“मी आहे ना.”

“तू मानेसरला असतोस. आणि घरी येतोस तेव्हा फोनवर मानेसरशी बोलत असतोस.”

चंद्रप्रभाबाईंनी दिनकररावांच्या हातातला अंक घेतला आणि मांडीवर ठेवला.

“हे बघ. माझं डोकं चालतंय की नाही ते तुझा डॉक्टर नाही ठरवणार. ज्या दिवशी दिनकररावांचा खुनी मला सापडणार नाही, त्या दिवशी मी आपण होऊन बॅग भरीन. तोपर्यंत हा विषय या घरात काढायचा नाही. मंजूर?”

“मंजूर,” निखिल म्हणाला. दिनकररावांना सोडायला तो जिन्यापर्यंत आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, या वर्षी जरा कठीण लिहिलंय ना?”

चार दिवसांनी फोन आला. पान एकोणसाठ, धाकटी जाऊ.

त्याच हिवाळ्यात दिनकररावांच्या मुलीने, हेमांगीने, बापाला हाती घेतलं. ती नोएडाच्या एका जाहिरात कंपनीत होती. शँपू, गृहकर्ज आणि बद्धकोष्ठावरचं एक चूर्ण या तिन्हींना तिने गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं. त्यामानाने मराठी साहित्य तिला सोपं वाटलं.

“बाबा, तुम्ही आधी माल बनवता आणि मग गिऱ्हाईक शोधता. उलटं असतं ते. आधी बघायचं की आपला रीडर उभा कुठे आहे. मग त्याच्या समोर जाऊन उभं राहायचं.”

“माझी वाचक करोल बागेत बसलेली आहे.”

“वाचक. एकवचन. बिल्कुल, तोच तर प्रॉब्लेम आहे.”

हे दिनकररावांना लागलं. ते मुकाट्याने ऐकू लागले.

“मला सांगा, इकडे मराठी माणूस एकगठ्ठा कुठे सापडतो? गणपती सोडून. गणपतीत सगळे आरती आणि पार्किंग यातच असतात.”

“काला अंब,” स्वयंपाकघरातून पद्मजाबाई म्हणाल्या. “संक्रांतीला.”

तर त्या संक्रांतीला दिनकरराव मंडळाच्या बसने पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला गेले. ही बस दरवर्षी बळवंतराव काढत. बळवंतराव म्हणजे मंडळाचे कार्याध्यक्ष. कोणतीही गोष्ट त्यांना सांगितली की ती आधीपासून त्यांच्याच मनात असे. धुक्यात स्मारकाचा खांब अर्धाच दिसत होता. पण माणसं! सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक, गाड्याच्या गाड्या आल्या होत्या. फेटे, भगवे झेंडे, स्वेटरवर नऊवारी, डब्यातून तिळगूळ. कोणी मातीला हात लावून कपाळाला लावत होतं, कोणी तीच माती रुमालात बांधून घेत होतं. एक धिप्पाड गृहस्थ खांबासमोर उभे राहून हमसाहमशी रडत होते, आणि त्यांची बायको त्यांना घाई न करता शेजारी शाल धरून उभी होती. दिनकररावांच्या एकाही कथेवर आजवर कोणी साधं हळहळलं नव्हतं.

“इथे प्रत्येकाचं कोणीतरी पडलेलं आहे, तासकर,” बळवंतराव म्हणाले.

“तुमचं?”

“आमचे पडले नाहीत. परत आले.” बळवंतराव जरा ओशाळले. “पण गंभीर जखमी होऊन.”

परतीच्या बसमध्ये, सोनिपतच्या आसपास, दिनकररावांना कादंबरी सुचली. लढाईच्या आधीचे दिवस. छावणी वेढलेली, धान्य संपत आलेलं. धान्यकोठीवरचा कारकून एके सकाळी कोठीच्या तंबूत मेलेला सापडतो. छावणीत कित्येक दिवस पीठ नाही, लोक झाडाचा पाला शिजवून खाताहेत, आणि या मेलेल्या माणसाच्या दोन्ही हातांना पीठ लागलेलं आहे.

ती त्यांनी उन्हाळ्याच्या आत लिहून काढली आणि ती चांगली झाली. हे मी मंडळाचा सभासद म्हणून म्हणत नाही. मंडळाचे सभासद एकमेकांच्या लिखाणाबद्दल काय म्हणतात ते मला माहीत आहे. खुनी होता छावणीतला वैद्य. सगळ्यांचा लाडका, कारकुनात अजून धुगधुगी असेल म्हणून सगळ्यात आधी धावलेला. कारकून पीठ लपवून विकत होता. वैद्याने जखमी पोरांसाठी ओंजळभर मागितलं, ते मिळालं नाही, आणि खलातला बत्ता त्याच्या हातात होता. दिनकररावांनी त्याला लपवला होता म्हणजे कसा, तर तो प्रत्येक पानावर समोरच होता. पद्मजाबाईंना शेवटचं पान आधी वाचता आलं नाही, कारण ते अजून लिहून व्हायचं होतं. ते झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“वैद्य? अगंबाई. मी तर त्याच्यासाठी रडले मघाशी.”

दोघांच्या मनात एकच नाव आलं.

“त्यांनाही नाही सापडला तर?” पद्मजाबाई म्हणाल्या. “गुरुग्रामला जावं लागेल त्यांना.”

“सापडेल. त्यांना सापडतोच,” दिनकरराव म्हणाले. त्यांना चंद्रप्रभाबाई एकदा हरायला हव्या होत्या, आणि करोल बागेतच राहायलाही हव्या होत्या. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत हे त्यांना कळत होतं. त्यांनी त्याचा विचार नंतर करायचं ठरवलं.

पण हेमांगीच्या मते पुस्तक छापण्याआधी रीडरला दाखवायला हवं होतं. तिने बळवंतरावांना गाठून काला अंबला येणाऱ्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप बनवला. नाव ‘पानिपतचे वारस’. त्यावर दर रविवारी एक प्रकरण जाऊ लागलं. आणि काय सांगावं, लोक वाचू लागले. हात जोडलेली चिन्हं, भगवे झेंडे, ‘सर अंगावर काटा आला’, ‘छावणीचं वर्णन वाचून जेवण गेलं नाही’. दिनकरराव फोन उशाशी घेऊन झोपू लागले. पद्मजाबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, चार्जिंगला लावलाय.

मग शेवटचं प्रकरण गेलं.

ग्रुपमध्ये वैद्य आडनावाचे बरेच जण होते आणि ते सगळे जागे होते. आमचे पूर्वज त्या रणावर जखमींची सेवा करत होते, आणि आपण त्यांच्या हाती बत्ता देता? दिनकररावांनी लिहिलं, की हा पेशा आहे, आडनाव नव्हे. उत्तर आलं, की तेव्हाच्या पेशाचंच आज आडनाव झालेलं आहे, हे लेखकाला माहीत असू नये याचं वाईट वाटतं. हेमांगीने ते प्रकरण त्याच रात्री ग्रुपवरून, सगळ्यांच्या फोनमधून पुसून टाकलं.

“बाबा, रीडर बोलतोय तर ऐका,” हेमांगी म्हणाली. “वैद्यच पाहिजे असं थोडंच आहे? खुनी कोणीही चालेल ना?”

एखाद्या रहस्यकथालेखकाला हे वाक्य कसं वाटावं? दिनकररावांना ते वाजवी वाटलं. निवृत्तीच्या आधी त्यांनी मंत्र्यांच्या उत्तरांचे मसुदे असेच बदलले होते. त्यांनी खुनी बदलला. आता तो एक शिलेदार होता, आडनाव जगदाळे.

बळवंतरावांचा फोन आला. “जगदाळे? तासकर, साताऱ्याहून दोन गाड्या भरून जगदाळे येतात. त्यांनी जेवण कॅन्सल केलं तर तो केटरर माझ्या अंगावर येईल!”

मग यात्रेला म्हणून फौजेबरोबर आलेली एक विधवा खुनी झाली. तिच्यामागे कोणी वारस नसावेत असा दिनकररावांचा अंदाज होता. मंडळाच्या महिला शाखेने अध्यक्ष सुमित्राताईंच्या घरी भिशीच्या दिवशी निषेधाचा ठराव केला आणि त्याची प्रत पद्मजाबाईंच्याच हाती पाठवली. पद्मजाबाई ठरावाच्या बाजूने होत्या.

मग खुनी झाला तोफखान्यातला एक गारदी. यावर ग्रुपमध्ये एकही हरकत आली नाही, उलट अंगठेच अंगठे आले. फक्त मंडळाचे खजिनदार मुजावर जिन्यात भेटले. मुजावर मूळचे मिरजेचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, मंडळाच्या गणपतीचा हिशेब दरवर्षी तेच ठेवत.

“तासकर, छान लिहिलंय. छावणीतली ती थंडी तर फारच छान.” ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. “एवढंच विचारायचं होतं, की सगळीकडे फिरून शेवटी आमच्याकडेच यावं लागलं का?”

दिनकररावांनी घरी जाऊन, बूट न काढता, त्या गारद्याला निर्दोष सोडला. एवढा एक बदल केल्याचं त्यांना नंतर कधी वाईट वाटलं नाही.

त्यानंतर त्यांनी शत्रूचा हेर आणला. ग्रुप खूश झाला, बळवंतरावांनी फोन करून अभिनंदन केलं. या वेळी हेमांगीच म्हणाली, “बाबा, पण मग मर्डर मिस्ट्री कशाला? ते तर बाहेर तोफा घेऊन उभेच आहेत. सस्पेन्स कसला?”

दिनकरराव दोन दिवस खिडकीतून समोरची पाण्याची टाकी बघत बसले. मग त्यांनी शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. कारकुनाला कोणीच मारलं नव्हतं. तो थंडीने मेला होता. हातांना लागलेलं ते पांढरं पीठ नव्हतं, दंव होतं.

“वा!” बळवंतराव म्हणाले. “म्हणजे परिस्थिती हाच खुनी. प्रतीकात्मक! माझ्या मनात हेच होतं.”

संगणकात प्रत्येक नवा मसुदा त्यांनी जुन्यावरच चढवला होता, म्हणजे आधीचा पुसला जाई. सरकारात कुठलाही मसुदा नष्ट करत नाहीत. निवृत्त झाल्यावर दिनकररावांनी सोडलेली ती एकमेव सवय होती.

पुढच्या संक्रांतीला काला अंबला मंडळाच्या टेबलावर पुस्तक ठेवलं. धुकं होतंच. लोक रांग लावून घेत होते, सही मागत होते, दिनकररावांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते. गेल्या वर्षी रडणारे ते धिप्पाड गृहस्थ आले आणि तीन प्रती घेऊन गेले. एक वैद्य आले, त्यांनी वाकून नमस्कार केला. दिनकररावांच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

चंद्रप्रभाबाईंना प्रत कुरियरने गेली. स्वतः जाऊन द्यायला दिनकररावांना सवड झाली नाही असं ते पद्मजाबाईंना म्हणाले. पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि मटार सोलत राहिल्या.

आठवडा गेला. पुढचाही गेला. फोन नाही. फेब्रुवारीत एका दुपारी तो वाजला.

“दिनकरराव? मी बोलतेय.”

पानाचा आकडा आला नाही. दिनकरराव वाट बघत राहिले.

“नाही सापडला,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

त्याच पुढे बोलू लागल्या. “दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, घाईत वाचलं असेल. मला पहिल्यापासून त्या वैद्यावर संशय होता. सगळे ओरडताहेत आणि तो बत्ता धुतोय. मी पेन्सिलीने खूण केली. आणि छावणीतली ती म्हातारी त्या मेलेल्याची बोटं चाटते आणि म्हणते, गोड आहे. तिथे तर मी म्हटलंच, आता धरला याला. पण शेवटी दंव निघालं. मी वैद्य वैद्य करत बसले आणि होती थंडी.” त्या हसल्या. “इतकी चुकले नव्हते कधी.”

बोटं चाटणारी ती म्हातारी पहिल्या मसुद्यातली, काढायची राहून गेली होती.

“चंद्रप्रभाबाई, तुम्ही चुकला नाहीत. वैद्यच होता. मी बदलला नंतर.”

पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

“निखिलने सांगितलं का तुम्हाला फोनवर असं बोलायला? नाही, तो कशाला सांगेल. पद्मजाने सांगितलं असेल. गोड मुलगी आहे.”

“अहो, खरंच सांगतोय.”

“राहू द्या. चांगलं झालंय पुस्तक. शेवटी फसवलंत मला. अभिनंदन.”

दुसऱ्या दिवशी दिनकररावांनी पहिलं शेवटचं प्रकरण आठवून आठवून पुन्हा टाइप केलं. तेवढं चांगलं झालं नाही, पण वैद्य होता, बत्ता होता, सगळं जागच्या जागी होतं. तिसऱ्या दिवशी ते घेऊन ते मेट्रोने करोल बागेत गेले. दार निखिलने उघडलं. आत पलंगावर उघडी बॅग होती आणि चंद्रप्रभाबाई साड्यांच्या घड्या करत होत्या.

“हे वाचा,” दिनकरराव म्हणाले. “हा खरा शेवट.”

त्यांनी उभ्यानेच पहिलं पान वाचलं. मग कागद पालथे करून कोपरे बघितले, जसे तक्रार विभागात बघत असतील.

“हे आज टाइप केलंत?”

“काल.”

“पुस्तक संक्रांतीचं आहे.”

“हो, पण आधी हाच शेवट होता. माझ्याकडे प्रत राहिली नाही.”

“दिनकरराव,” त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “ही मागच्या तारखेने फायलीत घुसवलेली नोट झाली. अशा नोटा चढवणाऱ्यांना मी मेमो दिलेत. तुम्हीही दिले असतील.”

दिनकररावांनी दिले होते.

“अहो, दंव गोड असतं का? तुम्हीच विचार करा! चूक माझ्या पुस्तकात आहे, तुम्ही ती बरोबर धरलीत!”

“तेच तर निखिलचे डॉक्टर म्हणाले. माणसाला स्वतःचं चुकलेलं कळेनासं झालं की तो समोरच्याची चूक काढतो. पहिलं लक्षण तेच.” त्यांनी कागद नीट जुळवून त्यांच्या हातात परत दिले. “छापलंय ते खरं. जन्मभर तुम्ही-मी दुसरं काय केलं? तोंडी कोण काय म्हणालं त्याला रेकॉर्ड म्हणत नाहीत.”

“निखिल, तू तरी सांग,” दिनकरराव त्याच्याकडे वळले. “तुझी आई अगदी ठीक आहे. तिला खुनी सापडला होता.”

निखिलने एकदा आईकडे आणि एकदा कागदांकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. पण टेम्पो ठरला होता.

“काका, तिथे पण तिला पुस्तकं मिळतीलच ना,” तो म्हणाला.

“चहा घेऊन जा,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “भांडी अजून बांधली नाहीत.”

तिघांनी चहा घेतला. खाली कोणीतरी गाडीला नवं सीटकव्हर चढवत होतं आणि मालक ‘टाइट करो, और टाइट’ म्हणत होता. निघताना निखिल जिन्यापर्यंत आला.

“थँक्यू, काका. माझ्याने नसतं झालं. तुमच्यामुळे झालं.”

पुढच्या दिवाळीला दिनकररावांनी पारख्यांची कथा लिहिली. खुनी अगदी सोपा ठेवला. तो तिसऱ्याच पानावर रक्ताचा सदरा भिजत घालतो आणि वर ‘सुपारीचा डाग आहे’ असं आपणहून सांगतो. असा खुनी त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. संपादक मंडळाने भीतभीत विचारलंदेखील, की हे मुद्दाम आहे का. अंक गुरुग्रामला पोचल्याचं कुरियरच्या मेसेजवरून कळलं. त्यानंतर ते आठवडाभर फोन जवळ घेऊन बसले. ग्रुपवर पुस्तकाचं कौतुक अजून येत होतं. मेसेज वाजला की ते दचकत आणि मग नाव बघून फोन पालथा ठेवत.

शेवटी त्यांनीच लावला.

“अंक मिळाला का?”

“मिळाला हो. सुरेख आहे या वर्षी. मंडळातल्या त्या केतकीने भोपळ्याच्या घारग्यांची कृती दिलीय ना, ती रुचिताच्या बाईकडून करवून घेतली. छान झाले.”

“आणि पारखे?”

“ते वाचायचंय.” चंद्रप्रभाबाई थांबल्या. मागे टीव्ही चालू होता. “आता ते कोडं सोडवणं वगैरे नको वाटतं. वाचायला घेतलं की वाटतं, परत नाही सापडला तर. तुम्ही रागावू नका हं.”

“नाही नाही.”

“पद्मजाला विचारलं म्हणून सांगा.”

दिनकररावांनी फोन ठेवला. त्या दिवशी दोघं जेवायला बसले तेव्हा पद्मजाबाई एवढंच म्हणाल्या, “सदरा भिजवताना त्याने तोंड तरी बंद ठेवायचं होतं.” आणि दिनकरराव मान हलवत राहिले.

मार्गशीर्षात बळवंतराव दुसऱ्या आवृत्तीचं बोलणं करायला घरी आले. संक्रांत जवळ येत होती, मागणी होती, आणि त्यांच्याकडे एक सूचना होती. लोक हौसेने पुस्तक उचलतात, पण मुखपृष्ठावर ‘रहस्यकादंबरी’ वाचून काही जण बिचकतात, आत भलतंसलतं काही आहे की काय म्हणून.

तो शब्द काढला. किंमत तीच ठेवली.